ओट्स तळाला लागायच्या आत

आयुष्यभर बॉयलर सांभाळलेल्या माणसाला एका पातेल्याची धास्ती वाटावी, हे ऐकायला जरा विचित्रच. पण त्या सकाळी तसं झालं होतं खरं. काडी ओढताना बॉयलरवाल्यांनी मुद्दाम टेबलाकडे पाठ केली होती, चेहऱ्यावरची धास्ती दिसू नये म्हणून. टेबलाशी त्यांची मुलगी बसली होती. समोरचा चहा निवत चालला होता आणि तिची नजर बापाच्या पाठीवरून हलत नव्हती.

मुलगी बसडेपोत ड्युट्या लावायची. कुठला ड्रायव्हर कुठल्या गाडीवर, कोणाला सुट्टी, कोणाचे डोळे तपासून आणायचे, सगळं तिच्या हातात. एखाद्याच्या हाती आता गाडी देण्यात अर्थ नाही हे तिला त्याच्या नुसत्या चालण्यावरून कळायचं, आणि एकदा कळलं की ती कोणाची भीड ठेवत नसे. डेपोत तिला सगळे टरकून असत. तिचा बापही त्यातलाच, फक्त तो तसं कबूल करत नसे.

प्रश्न आईचा होता. आईला अर्धांगवायूचा झटका येऊन वर्ष उलटून गेलं होतं. उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर वाचाही गेली. डोकं मात्र पूर्वीसारखंच तल्लख होतं. तेव्हापासून बायकोचं उठणं-बसणं, अंघोळ, खाणं-पिणं सगळं बॉयलरवाले एकटे करत. मुलीचं गाव लांब, तिथे तिची जागा तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून तिने आपल्या घराजवळचं एक शुश्रूषा केंद्र शोधून ठेवलं होतं. तिथे एक खाट रिकामी झाली होती आणि हवी की नको ते आज सकाळी फोनवर कळवायचं होतं. खाट फक्त आईपुरती. बापाने इथेच राहायचं, अधूनमधून भेटायला जायचं.

हे सगळं उपटलं ते समोरच्या शिंपीणबाईंमुळे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून धूर येताना त्यांनी पाहिला, धावत येऊन गॅस बंद केला आणि घरी जाऊन पहिला फोन मुलीला लावला. बाबा शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसले होते आणि इकडे पातेल्याचा कोळसा झाला होता. मुलीने त्यातून जो अर्थ काढायचा तो काढला. बाबा विसरायला लागले.

आदल्या संध्याकाळी बापलेकीची यावरून बरीच वादावादी झाली. शेवटी एका सकाळवर तडजोड झाली. बाबांनी रोजच्यासारखा नाश्ता करायचा, मुलीने मध्ये तोंड घालायचं नाही. सगळं नीट पार पडलं तर ती खाट सोडून देईल. नाही तर आई तिच्याबरोबर जाईल आणि त्यावर पुन्हा चर्चा होणार नाही.

बॉयलरवाल्यांची स्मरणशक्ती ठणठणीत होती. गेलं होतं ते नाक. बायको आजारी पडायच्या थोडं आधी त्यांना एक ताप आला, त्या तापात वास जो गेला तो परत आलाच नाही. फुलं, साबण, धूर, गॅस, त्यांच्या लेखी सगळं सारखंच. ही गोष्ट त्यांनी मुलीपासून लपवून ठेवली होती. विसरभोळ्या बापावर ती निदान लक्ष ठेवून राहिली असती. गॅसचा वास न येणाऱ्या बापाच्या घरात आईला तिने एक रात्रही ठेवलं नसतं, हे ते पुरतं ओळखून होते.

आता कोणी म्हणेल, असा माणूस वर्षभर स्वयंपाक करत होता तरी कसा? तर तो एकटा करत नव्हता.

नवराबायको दोघंही एकाच बिस्किट कारखान्यात कामाला होती. हे बॉयलरवर, ती भट्टीवर. बॉयलरवर काम करणाऱ्याचं सगळं डोळ्यांत आणि कानांत असतं. काटा कुठे आहे, काचेच्या नळीत पाणी किती आहे, वाफ कुठे शिट्टी घालते आहे. आणि पेटत्या आगीपासून हलायचं नाही, हा पहिला नियम. बायकोचं काम नाकाचं. भट्टीतून बिस्किटांचा पट्टा बाहेर यायच्या आधीच तिला कळायचं की माल करपतोय की कच्चा राहतोय. कारखान्यात तिला ‘नाकवाल्या बाई’ म्हणत आणि तिच्या एका ‘नाही’वर अख्खा घाणा परत जात असे. मुकादम कुरकुरायचे, पण तिने नाकावर माशी बसू दिली नाही ती नाहीच.

झटक्यानंतर डॉक्टरांनी तिला मऊ पण दाटसर खायला सांगितलं. पाण्यासारखं पातळ दिलं की तिला ठसका लागे. बॉयलरवाल्यांनी दुकानातून चपटे ओट्स आणले, दोन मिनिटांत शिजवले आणि चमच्याने भरवायला गेले. पहिलाच घास तिने थुंकून टाकला. पोस्टर चिकटवायची खळ असावी तसा तो लगदा बघून तिने तोंड असं काही मिटून घेतलं की दोन दिवस घरात उपोषणच चाललं. मग दुकानदाराने दाण्याचे ओट्स दिले. हे चपटे केलेले नसतात, अख्ख्या दाण्याचे पोलादी पात्यांनी दोन-तीन तुकडे केलेले असतात. शिजायला अर्धा-पाऊण तास घेतात, पण शिजले की मऊ होऊनही दाणा दाताखाली लागतो. ते तिने खाल्ले. जेवल्यावर डाव्या हाताने तिने नवऱ्याचा गाल थोपटला, तेव्हा बॉयलरवाल्यांना रडूच आलं.

पण हे ओट्स मोठे लबाड. आधी थोड्या लोण्यावर परतायचे. खमंग वास सुटला की लगेच पाणी घालायचं, जरा उशीर झाला की कडवटपणा येतो. नंतर मंद आचेवर ठेवायचे आणि ढवळत राहायचं, कारण वरून शांत दिसतात आणि खालून लागतात. ज्याला वास येत नाही त्याला यातलं काहीच कळायचं नाही. पहिले काही दिवस बॉयलरवाल्यांनी करपवून करपवून पातेली घासली. मग एका सकाळी आतल्या खोलीतून टण्ण असा आवाज आला. बायकोने स्टीलच्या वाटीवर चमचा हाणला होता. हे धावत गेले, तर तिने मानेने स्वयंपाकघराकडे खूण केली. परत येऊन बघतात तो दाणे नेमके सोनेरी झालेले.

तेव्हापासून त्यांचं ठरूनच गेलं. वाटी-चमचा तिच्या उशाशी, मधलं दार सताड उघडं. एक ठोका म्हणजे परतून झालं, पाणी घाल. दोन ठोके म्हणजे तळाला लागतंय, हलव. आणि वाजतच राहिली तर हातातलं टाकून आधी गॅस बंद कर. शिंपीणबाईंना धूर दिसला त्या दिवशी हे ठोक्याच्या भरवशावर पेपर घेऊन बसले होते आणि ती औषधाच्या गुंगीत झोपली होती, एवढंच. पण हे मुलीला सांगायचं कोणत्या तोंडाने?

तर त्या सकाळी बॉयलरवाल्यांनी लोणी वितळवलं, त्यात दाणे टाकले आणि कान आतल्या खोलीकडे लावले. मुलगी अजून टेबलाशीच होती. सगळं सुरळीत चाललं होतं. मग ती उठली आणि आईची चादर ओली वाटते, बदलून घेते, कपडेही बदलते, असं म्हणत आत गेली. आत गेल्यावर कोणतीही मुलगी करेल तेच तिने केलं. दार लावून घेतलं.

दार लागल्याचा आवाज ऐकला आणि बॉयलरवाल्यांच्या हातातली पळी थांबली. दार उघडं ठेव म्हणावं तर का म्हणून? आईचे कपडे बदलताना दार उघडं ठेवायला सांगणारा बाप तिला ठार वेडाच वाटला असता. त्यांनी पळीने दाणे खालीवर केले. वाटीचा आवाज बंद दारातूनही येईल, अशी स्वतःची समजूत घातली. पण ठोका काही ऐकू येईना. दाण्यांचा रंग बदलत चालला होता आणि ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडात सोनेरी कुठे संपतो नि तपकिरी कुठे सुरू होतो ते कळेना. जीव मुठीत धरून त्यांनी अंदाजाने पाणी ओतलं. चर्र झालं. बरोबर वेळी ओतलं की नाही, हे सांगायला कोणी नव्हतं.

दाराआड काय चाललं होतं ते त्यांना नंतर कळलं. चादर काढताना मुलीला उशाशी वाटी-चमचा सापडला. अंथरुणात भांडी कशाला, आईच्या पाठीखाली आली तर रुतायची, म्हणून तिने ती उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. आईने डावा हात तिकडे केला. मुलीला वाटलं पाणी हवंय. पाणी दाखवलं, तर आईने मान फिरवली. उशी सरळ केली, पांघरूण दिलं, खिडकी लावली, उघडली, तरी आईचा हात तिकडेच. तिच्या घशातून घोगरे आवाज यायला लागले तशी मुलगी घाबरली.

इकडे ओट्सना उकळी आली होती. बॉयलरवाल्यांनी आच मंद केली आणि ढवळायला घेतलं. पळी जड लागत होती, म्हणजे दाटपणा येत होता. तळाशी काही चिकटत असेल तर ते पळीतून हाताला जाणवतं का, हे ते बघत होते. एरवी या वेळेला निदान एकदा तरी दोन ठोके पडत. आज घर गप्प होतं. आणि तेवढ्यात आतून काहीतरी धपकन पडल्याचा आवाज झाला, पाठोपाठ मुलीची हाक आली, “बाबा, लवकर या!”

बॉयलरवाल्यांनी गॅसचं बटण फिरवलं आणि धावले. कारखान्यात पेटती आग सोडून ते कधी हलले नव्हते. आपण गॅस बंद केला, अशी त्यांची खात्री होती. पण मंद आचेवरून बटण मागे फिरवताना ते आधी मोठ्या आचेवरून जातं आणि मग बंद होतं. घाईत त्यांचा हात मधेच थांबला होता. पातेल्याखाली गॅस मोठा होऊन भडाभडा जळत राहिला.

आत बायको अर्धी खाटेबाहेर लोंबकळत होती. औषधांचा डबा खाली पडला होता आणि मुलगी आईला दोन्ही हातांनी सावरत होती. बॉयलरवाल्यांनी खांद्याखाली हात घालून बायकोला वर घेतलं. ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. दाराकडे बोट करत होती, हात आपटत होती, पण गादीवर आपटलेल्या हाताचा आवाज तो कितीसा येणार? तिच्या डोळ्यांत भीती होती. ते तिला म्हणत राहिले, अगं आलो ना मी, काही झालं नाही, शांत हो.

मुलीने मान वर केली आणि नाक ओढलं. “बाबा, करपतंय काहीतरी.”

“नाही गं, मी बंद करून आलोय.”

“अहो, धूर येतोय!”

“गॅस बंद आहे म्हणतो ना. करपलं असतं तर मला वास आला नसता का?” बॉयलरवाले म्हणाले. उघड्या दाराकडे पाठ करून ते खाटेशी उभे होते आणि त्यांच्या मागून धुराचा पट्टा खोलीत शिरत होता.

मुलगी क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग त्यांना बाजूला सारून धावली. गॅस बंद केल्याचा, खिडकी उघडल्याचा, पातेलं मोरीत आदळल्याचा आवाज आला. बॉयलरवाले हळूहळू स्वयंपाकघरात आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. ती वळली तेव्हा तिचा आवाज अगदी शांत होता. डेपोत ड्रायव्हरला खाली उतरवताना तिचा आवाज असाच व्हायचा.

“बाबा, तुम्हाला वास येत नाही. कधीपासून?”

आता लपवून उपयोग नव्हता. त्यांनी ताप सांगितला, वाटी सांगितली, ठोके सांगितले, शिंपीणबाईंचा दिवसही सांगितला. सांगता सांगता त्यांना थोडी आशाही वाटायला लागली. विसरभोळेपणा नाही, हे तर सिद्ध झालं. आपलं दोघांचं मिळून कसं व्यवस्थित चाललं होतं, हे ते जरा अभिमानानेच सांगायला लागले.

मुलीने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे आग लागली असती, तर आधी आईला कळलं असतं. आणि तिला उठताच आलं नसतं. बाबा, वर्षभर ती रोज सकाळी हे मनात घेऊन पडून राहिलीय. तुमच्या कधी लक्षात आलं?”

बॉयलरवाले स्टुलावर बसले. खरंच, त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं. वाटी वाजली की हे खूश व्हायचे. वाजवणारी तिथे जीव टांगणीला लावून पडलेली असते, आपण ऐकलं नाही तर काय याची वाट बघत असते, हा विचार त्यांना एकदाही शिवला नव्हता. मघाशी तिच्या डोळ्यांत दिसलेली भीती त्यांना आठवली आणि स्वतःची लाज वाटली. कारखान्यात एखाद्याने आपल्या भरवशावर माणसाला असं कोंडून ठेवलं असतं, तर त्याला त्यांनीच कामावरून हाकललं असतं.

“फोन कर,” ते म्हणाले. “घेऊन जा तिला. तुझं बरोबर आहे.”

मुलीने फोन हातात घेतला, पण लावला नाही. जिंकल्यावर माणसाला बरं वाटायला हवं. तिला काही बरं वाटत नव्हतं. ती बापाचा काळवंडलेला चेहरा बघत उभी राहिली. तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, घोगरा, पण ठाम. दोघं आत गेली. आईने डावा हात तोंडाकडे नेला. तिला भूक लागली होती.

बॉयलरवाले म्हणाले, थांब, दुसरे करतो, ते करपलेत. तिने खाटेच्या कडेवर हात आपटला. ते पुन्हा म्हणाले, अगं कडू झालेत. तिने पुन्हा आपटला. शेवटी त्यांनी पातेल्यातला वरवरचा भाग वाटीत काढला, दूध घालून जरा सैल केला, आणि तिला उशांना टेकवून बसवून चमचा पुढे केला.

तिने तो खाल्ला. मग दुसरा. जराशा काळपट कडेसाठी अख्खा घाणा परत पाठवणारी ही बाई, चपट्या ओट्सना तोंड न लावणारी, ती करपट घास एकेक करून चावून गिळत होती. आणि सगळा वेळ बघत होती मुलीकडे. नवऱ्याकडे नाही. मुलीने चमचा मागून घेतला, एक घास तोंडात घातला आणि तिचं तोंड वाकडं झालं.

“आई, विषासारखं कडू आहे गं हे. नको खाऊस.”

आईने पुढच्या घासासाठी तोंड उघडलं आणि उघडंच ठेवलं. मुलीने भरवलं. वाटी संपेपर्यंत तीच भरवत राहिली आणि शेवटच्या काही घासांना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने पुसलंही नाही. आईने तिचा हात धरला, फोन ठेवलेल्या खिशावर नेला आणि ठामपणे मान हलवली. नाही. मुलीला तो नकार नीट कळला. लहानपणापासून ती हीच मान हलताना बघत आली होती.

मग तिने केंद्राला फोन लावला आणि खाट दुसऱ्या कोणाला द्या म्हणून सांगितलं. पण ड्युट्या लावणारी बाई ती, एवढ्यावर थोडीच थांबणार? तिने तिथेच उभ्या उभ्या हुकूम सोडले. गॅसची शेगडी आजच्या आज घराबाहेर. विजेची शेगडी आणायची, आपोआप बंद होणारी. स्वयंपाकघरात धूर ओळखून भोंगा वाजवणारं यंत्र लावायचं. सकाळी मदतीला एक बाई ठेवायची. शिंपीणबाईंकडे घराची किल्ली द्यायची. आणि पुन्हा काही लपवलंत, तर मी विचारायला येणार नाही, थेट गाडी घेऊन येईन. बॉयलरवाले प्रत्येक गोष्टीला हो म्हणत गेले.

यंत्राचं ऐकल्यावर मात्र बायकोने तोंड भिंतीकडे फिरवलं. ते बॉयलरवाल्यांनी पाहिलं. सकाळपासून दुसऱ्यांदा त्यांना बायकोच्या मनातलं कळलं आणि या वेळी उशीर झाला नव्हता. भीती होती हे खरंच. पण अर्धं अंग गेलं, बोलणं गेलं, कारखाना सुटला, त्यानंतर रोज सकाळी तिच्यावाचून अडतं असं एवढं एकच काम तिच्याकडे उरलं होतं.

“एक विचारू?” ते मुलीला म्हणाले. “करपल्यावर ते यंत्र बोंबलेल, ते ठीक. पण दाणे परतून नेमके झाले, आता पाणी घाला, हे त्याला कळतं का?”

“नाही. ते कसं कळेल?”

“मग तेवढी ड्युटी हिच्याकडे राहू दे.”

मुलीने कट्ट्यावरचा वाटी-चमचा उचलून आईच्या डाव्या हाताशी ठेवला. ती स्वयंपाकघरात गेली, जळकं पातेलं पाण्यात भिजत टाकलं, दुसरं घेतलं, त्यात लोणी घातलं आणि मूठभर दाणे टाकले. जुन्या शेगडीवर शेवटचेच म्हणून गॅस तिने स्वतः पेटवला आणि बापाला जवळ उभं केलं. मधलं दार तिने भिंतीपर्यंत उघडून त्याला खुर्ची लावली. मग तिथूनच तिने आत हाक मारली, “आई, झाले की सांग हं. मलाही यातलं काही कळत नाही.”

भिंतीकडे वळलेली मान हळूहळू दाराकडे फिरली. नाकवाल्या बाईंनी डोळे मिटले आणि एक मोठा श्वास घेतला.